कठड्याचं शेवटचं टोक

बायकांची पहिली रांग उठली आणि सरूबाई जागची हलली नाही, एवढंच काय ते झालं. शांतवन खरात तेव्हा प्रभुभोजन घेऊन आपल्या बाकावर परत आला होता आणि रीतीप्रमाणं मान खाली घालून, डोळे मिटून बसला होता. मात्र त्याचा एक डोळा प्रार्थनेतसुद्धा किलकिला असायचा. खाम नदीच्या अलीकडच्या त्या लहानशा ख्रिस्ती देवळात महिन्याच्या पहिल्या रविवारी आधी पुरुष आणि मग बायका अशा रांगा वेदीपुढच्या लाकडी कठड्याशी जात, गुडघे टेकत, पाळकसाहेब भाकरीचा तुकडा हातावर ठेवत आणि मग द्राक्षारसाचा तो चांदीचा एकच प्याला एकाच्या ओठांवरून दुसऱ्याच्या ओठांकडं सरकत जाई. लग्न होऊन या मंडळीत आल्यापासून सरूबाई बायकांच्या पहिल्या रांगेत, मनकर्णाबाईंच्या शेजारी. आज मनकर्णाबाईंनी उठताना तिला कोपरानं ढोसलं, तरी ही बसूनच. दुसरी रांग गेली, तिसरी गेली. सगळ्या बायका परतल्यावर दाराजवळच्या बाकावरून मुंजाबा उठला. हा मुंजाबा मिशनच्या महारोगाच्या दवाखान्यात बाप्तिस्मा घेऊन, बरा होऊन आलेला. अंगात रोग उरलेला नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, मंडळीनं त्याला कबरस्तानाची राखण दिली होती, देवळात यायलाही कुणाची ना नव्हती. पण प्याला एकच, म्हणून तो सगळ्यांच्या मागून घेईल असं कुणी न बोलताच ठरून गेलं होतं. त्याच्यानंतर कुणी नाही. तो पाय ओढत गेला, कठड्याच्या उजव्या टोकाजवळ गुडघ्यांवर बसला, आणि मग सरूबाई उठली. पदर सारखा करत चालत गेली आणि त्याच्या पलीकडं, भिंतीला लागून एका माणसापुरती जागा उरली होती, तिथं टेकली. प्याला मुंजाबाच्या ओठांशी गेला आणि तिथून शांतवनच्या बायकोच्या. देवळात कुणी खोकललं नाही की कुणाच्या गीताच्या पुस्तकाचं पान वाजलं नाही. सगळ्यांनी पाहिलं आणि पाहिलंच नाही असं केलं.

शांतवन वजनमापं खात्यात निरीक्षक होता. शेर-मण जाऊन किलो आले तेव्हापासून त्याच्या कामाला ऊत आला होता. शहागंजची मंडई, गुलमंडीची किराणा दुकानं, कन्नड-पिशोरकडचे आठवडी बाजार, कुठंही तो वर्दी न देता जाऊन उभा राही आणि एक शब्द न बोलता तागडी उलटी करून पाही. पारड्याच्या बुडाला चिकटवलेली चिंच, दांडीच्या एका टोकात भरलेलं शिसं, दुधाच्या मापाला आतून बसवलेलं दुसरं बूड, हे सगळं त्यानं इतक्या वेळा पाहिलं होतं की 'या साहेब, बसा, चहा सांगतो' असं कुणी हसून म्हटलं की त्याची नजर आधी खाली, पारड्याच्या बुडाकडंच जाई. खात्यात त्याचं नाव होतं. घरी मात्र ही नजर काढून खुंटीला अडकवता येत नव्हती. दुधवाला, घरमालक, देवळातल्या कमिटीचे पंच, खुद्द पाळकसाहेब, कुणी त्यातून सुटलं नव्हतं. भोजनानंतर प्याल्यात उरलेला रस पाळकसाहेब पूर्वी स्वतः पिऊन टाकत. मुंजाबा आला त्या महिन्यापासून ते तो बाहेर नेऊन लिंबाच्या बुंध्याशी मातीत ओतू लागले, हे साऱ्या मंडळीत एकट्या शांतवनच्या ध्यानात आलं होतं आणि त्यानं ते मनात जपून ठेवलं होतं. सुटली होती ती फक्त सरूबाई. तिला कधी उलटी करून पाहावं असं त्याला वाटलंच नव्हतं. आणि आता ती चारचौघांत उठून एका परक्या पुरुषाशेजारी जाऊन बसली होती.

घरी जाताना तो सायकल हातात धरून चालला, ती एक पाऊल मागं. पैठण गेटपाशी त्यानं विचारलं, "आज मागं का राहिलीस?"

"असंच."

"असंच म्हणजे?"

"कुनीतरी शेवटी बसावंच लागतं की."

"तो होताच ना शेवटी."

"म्हनून तर," ती म्हणाली आणि रस्त्यातल्या पेरूच्या गाडीकडं पाहू लागली.

"ओळखतेस त्याला?"

"वळखते की. पिशोरचाच हाय त्यो. आमच्या वस्तीवरनं मेंढरं न्यायचा. बाभळीच्या काट्यांना लोकर आडकायची, ती येचायला आमी पोरी त्याच्या मागं मागं. लई हसवायचा." आणि एवढं बोलून तिनं पेरूंचा भाव विचारला.

तिनं काही लपवलं असतं तर शांतवनला बरं वाटलं असतं. लपवणाऱ्याचं कसं शोधायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सगळं उघड्यावर मांडून बसलेल्याचं काय करायचं, हे खात्यानं शिकवलं नव्हतं. लई हसवायचा. आज हसवण्यासारखं त्या माणसात काय उरलं होतं? भुवया गेलेल्या, नाक बसलेलं, बोटं आखडून तळव्यात वळलेली. त्या बोटांच्या आधी एक उंच, काळासावळा, घोंगडं पांघरलेला मेंढपाळ असणार, आणि त्याच्यामागं परकराच्या ओच्यात लोकर गोळा करत पळणारी सरू असणार, आणि ते दोघं ज्या रानात होते तिथं शांतवन कधी गेला नव्हता, जाऊही शकत नव्हता. महारोगात बोटं बधिर होतात असं ऐकलेलं, म्हणून जेवताना तो तिच्या हातांकडं पाहू लागला. भाकरी उलटताना तवा भाजला की ती बोटं चटकन मागं घेते की नाही? ती घेत होती. तरी त्या दिवशी पाणी पिऊन झाल्यावर त्यानं आपला पितळी पेला धुतला, आणि खाली बाकीच्या पेल्यांत न ठेवता वरच्या फळीवर, मिठाच्या बरणीमागं ठेवला. सरूबाईनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याचं पाणी त्या वरच्याच पेल्यात दिलं, त्याच्याकडं न बघता, आणि शांतवनला आपली इतकी शरम वाटली की त्याला तिचाच राग आला.

भादवा होता. भादव्यातल्या एका रविवारी या मंडळीत शांतवनच्या बापाची गोष्ट सांगायची रीत पडली होती. पुंजाराम खरात दौलताबादच्या पलीकडं एका खेड्यात उपदेशक होते. म्हणजे शाळा तेच चालवत, देऊळ तेच झाडत आणि लोकांच्या डोळ्यांत औषधही तेच घालत. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि त्यानंतरच्या त्या भडकलेल्या दिवसांत गावातलं एक मुसलमान मोमिनाचं कुटुंब, म्हातारी, सून आणि तीन लेकरं, पुंजारामांनी देवळात दडवलं. जमाव आला. पुंजाराम पायरीवर उभे राहिले. पाळकसाहेब दरवर्षी इथं थांबायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "तो विश्वासाचा वीर गरजला, आधी माझ्या देहावरून जा!" मग म्हणायचे की वीरत्व हे थोरांचं काम नाही, ते बोलावणं आहे, देव ते चुलीपाशी बसलेल्यालाही पाठवतो, आपलं नाव घेऊन हाक आली की उठायचं एवढंच आपल्या हाती. बायका डोळे पुसायच्या. लोक वळून शांतवनकडं पाहायचे, आणि शांतवन आपल्या बुटांच्या टोकांकडं.

कारण तो तिथं होता. मिसरूडही नीट न फुटलेला पोरगा, दाराच्या आत, फटीला डोळा लावून, आणि त्याचा हा एका डोळ्यानं बघण्याचा धंदा खरं म्हणजे तिथंच सुरू झाला. पुढून जमावाला जो पुंजाराम दिसत होता तो त्यानं पाहिलाच नाही. त्यानं मागून पाहिला. बापाचे पाय लटलटत होते. धोतराचा सोगा हलत होता, वारा नसताना. आणि बाप गरजला वगैरे काही नाही. तो अजीजीनं म्हणाला, "आरं बाबांनो, आत कुनी न्हाई. देवाची आन. देवळात देव असतो, दुसरं कोन असनार?" देवाची शपथ घेऊन, देवाच्या दारात, धडधडीत खोटं. जमाव गेला. मोमिनाची म्हातारी सकाळी पुंजारामांच्या पायावर डोकं ठेवायला आली तर ते मागं सरले आणि परसात जाऊन ओकले. एवढीच गोष्ट. ती खरी सांगितली तर कुणी डोळे पुसले नसते असं शांतवनला वाटे. बापावर त्याचं प्रेम होतं. पण त्या फटीतून जे दिसलं त्यानंतर कुणी कुणाला वीर म्हणालं की तो त्या वीराच्या मागच्या बाजूला जाऊन पाही. तिथं काहीतरी चिकटवलेलं असणारच.

आणि गंमत अशी की हाकेची वाट त्यानंही पाहिली होती. जालन्याला तरुणांची मोठी सभा भरली होती, व्याख्याता म्हणाला, "प्रभू आज कुणाला तरी बोलावतोय, कोण उभा राहतो?" आणि शांतवन सटकन उभा राहिला होता. त्याला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. जंगलात पाठवतील, साथीच्या गावात पाठवतील. त्याचं नाव टिपून घेतलं, पाठीवर थाप मारली, आणि पुढं काहीही झालं नाही. बाप वारला, नोकरी लागली, लग्न झालं. आपण उभे राहिलो आणि कुणी आपल्याला काही सांगितलंच नाही, ही बोच तो कुणाजवळ बोलला नव्हता. सरूबाईजवळही नाही. ती असल्या सभांना कधी गेलीच नव्हती.

पिशोरच्या बाजारात तपासणी निघाली तेव्हा ती खरंच खात्यानं काढली होती. शांतवननं फक्त आपलं नाव पुढं केलं. सासुरवाडी तिथलीच, पण त्या घरी न जाता तो बाजारात फिरला. दोन तागड्या पकडल्या, एक माप जप्त केलं, आणि मग घोंगड्या विकणाऱ्या बानाबाईपाशी उभा राहिला. म्हातारी मेंढपाळांच्या वस्तीतली. त्यानं घोंगडीचं पोत पाहत सहज विचारल्यासारखं मुंजाबाचं नाव काढलं.

"मुंजाबा? आमच्या बिरूचा थोरला," बानाबाई म्हणाली. "लई गुनाचा व्हता बाबा. रगतपिती झाली आन् पंचांनी त्याला रानात खोप घालून दिली. घरचं कुनी जाईना. भ्या वाटायचं."

"मग खायचं काय त्यानं?"

"किरिस्तावाची येक पोरगी व्हती, सरी का सरू. ती भाकर न्यायची. धोंड्यावर ठिवायची आन् पळत सुटायची. त्यो आतनं वरडायचा, 'आगं थांब की, वाईच बोल की!' पर कशाची थांबती. पळायचीच. लेकरूच व्हतं, तिला काय बोल लावायचा?" म्हातारीनं घोंगडी झटकली. "तुमी घेताय का निस्तंच इचारताय?"

येताना एस.टी.च्या खिडकीशी बसून शांतवननं हे उलटंपालटं करून पाहिलं. भाकर न्यायची. म्हणजे तेव्हापासून. घरचे जात नव्हते तिथं ही जात होती. पळायची, हा शब्द त्याच्या कानावर पडून गेला होता, पण मनानं धरला तो 'न्यायची' हा. संशय एकदा मनात बसला की तो आपल्या सोयीचंच वेचतो, हे दुकानदारांच्या बाबतीत त्याला चांगलं कळे. सरूनं हे आपल्याला का सांगितलं नाही? लोकर सांगितली, हसवायचा हेही सांगितलं, आणि भाकर मात्र गाळली. शेवटी एकदाचं काही लपवलेलं सापडलं, आणि सापडल्यावर त्याला आनंद व्हायला हवा होता, तसा झाला नाही. गाडी वेरूळचा घाट चढत होती आणि त्याला बायकोची फार आठवण येत होती, ती घरीच असून.

पुढच्या पहिल्या रविवारी सगळं तसंच झालं. रांगा गेल्या, मुंजाबा उठला, सरूबाई उठली. या खेपेला मनकर्णाबाईंनी ढोसलं नाही. त्या जरा दूर सरकून बसल्या होत्या. शांतवननं दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं. मुंजाबानं प्याला दोन्ही तळव्यांत धरला, बोटांनी धरता येत नव्हता. मान खाली घातली. वर केली. सरूबाईकडं त्यानं पाहिलं नाही, तिनंही त्याच्याकडं नाही. उठताना मात्र तो तिला काहीतरी पुटपुटला आणि तिनं मान हलवली, नाही म्हणून. काय होतं ते?

आठवडाभरानं तो कबरस्तानात गेला. बापाची कबर तिथंच होती, त्यामुळं जायला कारण होतं. मुंजाबा लिंबाची पानं झाडत होता, खराट्याची काठी काखेत धरून, दोन्ही मनगटांनी ढकलत. शांतवनला पाहून तो सवयीनं चार पावलं मागं सरला.

"पिशोरचा का रे तू?"

"व्हय साहेब."

"माझी बायको ओळखते म्हणे तुला."

मुंजाबानं खराटा भिंतीला लावला. भुवया नसलेल्या त्या चेहऱ्यावरून काही वाचता येईना, आणि चेहरे वाचणं हेच तर शांतवनचं काम. "साहेब," तो म्हणाला, "तुमी आलात ते बरं झालं. बाईंस्नी तेवढं सांगा. म्होरल्या टायमाला आपल्या जागी बसा म्हनावं. बायांत. मी देवळात सांगितलं, पर आयकंनात."

"का? काय झालं?"

"काय न्हाई. मला अवघड व्हतंय."

"कसलं अवघड?"

"अवघड व्हतंय साहेब," असं म्हणून त्यानं पुन्हा खराटा काखेत धरला आणि आधीच झाडलेली जागा झाडू लागला. म्हणजे हिला तो नको म्हणतो आणि ही जाते! शांतवनला सायकलीवर बसवेना. आपली बायको एका झडलेल्या माणसामागं जाते आणि तो तिला दूर सर म्हणतो, आणि हा निरोप न्यायचा कुणी, तर नवऱ्यानं. त्यानं निरोप दिला नाही. पेला फळीवर होता तो फळीवरच राहिला. घरात बोलणं मीठ-मिरचीपुरतं उरलं, आणि सरूबाई मधूनच त्याच्याकडं अशी बघे की आता ही काहीतरी विचारणार. पण ती विचारत नसे, आणि ती विचारत नाही म्हणून तो आतल्या आत धुमसत राही.

मग पिशोरहून सांगावा आला, सरूबाईची आई पडली, मांडी मोडली. ती गाठोडं बांधून निघाली. एस.टी. स्टँडवर गाडी लागलेली असताना ती खिडकीतून म्हणाली, "रविवारी प्रभुभोजन हाय."

"मग?"

"मी नसनार."

"माहीत आहे."

"त्यो शेवटी बसन," ती म्हणाली. "कायमच बसत आलाय म्हना. मी लहानपनी लई भ्याली त्याला. भाकर ठिवायची आन् पळायची. त्यो हाका मारायचा." तिनं पदराचं टोक दातात धरलं, सोडलं. "तुमाला काय करा म्हनत न्हाई मी. तुमचं मन न्हाई व्हायचं. निस्तं सांगितलं." आणि गाडी हलली.

म्हणजे भाकरही तिनं सांगून टाकली, आणि तो पळण्याचा शब्द जो त्यानं एस.टी.त गाळला होता तोच तिनं पुढं करून ठेवला. संशय जायला हवा होता; गेला नाही, फक्त जागा बदलून बसला. आता त्याला स्वतःचाच संशय येऊ लागला. तुमचं मन नाही व्हायचं. इतक्या सहज म्हणाली, वांगी महाग झाली म्हणावं तसं. ज्याचा बाप पायरीवर उभा राहिला त्याच्या मुलाला. पण ती बापाची गोष्ट तर तो स्वतःच खरी मानत नव्हता. मग राग कशाचा?

रविवारी तो देवळात गेला तेव्हा त्याचं काही ठरलं नव्हतं. पुरुषांची पहिली रांग उठली आणि शांतवन जागचा हलला नाही. शेजारच्यानं त्याच्या गुडघ्याला हात लावला. दुसरी रांग गेली. बायकांच्या रांगा सुरू झाल्या, आणि बायकांच्या रांगा गेल्यावर एक पुरुष बसून राहिलेला पाहून लोकांच्या माना वळू लागल्या. आपण पाहायला चाललोय, तो स्वतःला सांगत होता. ती तिथं जाऊन काय पाहते, एवढंच पाहून यायचं, तपासणी आहे ही. मुंजाबा उठला, पाय ओढत गेला, आणि त्याच्या पलीकडची ती भिंतीलगतची जागा मोकळी राहिली. पाळकसाहेब प्याला घेऊन थांबले. कुणीतरी हाक मारावी असं शांतवनला वाटलं. नाव घेऊन. जालन्याला तो उभा राहिला होता तेव्हा केवढा आवाज झाला होता, टाळ्या झाल्या होत्या. इथं तर पंख्याचाही आवाज नव्हता. कुणी हाक मारणार नव्हतं. तो उठला, कठड्यापर्यंत गेला, मुंजाबाच्या पलीकडं गुडघे टेकले, आणि टेकल्या टेकल्या त्याला कळलं की आपले पाय लटलटताहेत. कठड्याचं लाकूड त्यानं करकचून धरलं. मागून कुणी पाहत असेल तर त्याला आपली विजार हलताना दिसत असेल, वारा नसताना. तेव्हा कुठं त्याला बाप आठवला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला त्या हलणाऱ्या धोतराची लाज वाटली नाही. भिऊन बापाचे पाय कापत होते, आणि तरी ते तिथून हलले नव्हते. ही गोष्ट फटीतून दोन्ही बाजूंनी दिसत होती आणि त्यानं तिची एकच बाजू मोजली होती.

मुंजाबा दचकला होता. त्यानं तिरक्या नजरेनं शांतवनकडं पाहिलं आणि खाली मान घातली. पाळकसाहेबांनी प्याला त्याच्या तळव्यांत दिला आणि नजर पुस्तकात घालून वचन म्हणू लागले. एवढ्या जवळून शांतवननं पाहिलं, आणि जे पाहिलं ते त्याच्यावाचून कुणाला दिसलं नसतं. प्याला वर गेला, कलंडला, खाली आला. आणि आतला रस होता तिथंच होता. चांदीच्या आतल्या भिंतीवर रसाची ओल चढते तिथवर ती चढलीच नव्हती. काठ कोरडा होता. मुंजाबानं ओठ मिटून प्याला नुसता समोर धरला होता, ओठांपासून बोटभर लांब. पाळकसाहेबांनी पुस्तकातून मान न उचलता पांढऱ्या फडक्यानं काठ पुसला, आणि प्रत्येकाच्या मागं तांबूस डाग धरणारं ते फडकं त्या जागी पांढरंच राहिलं. धडधडीत खोटं. देवाच्या दारात, देवाच्या प्याल्याशी. शेजारच्या बाईला आपलं काही लागू नये म्हणून हा माणूस दोन महिने इथं गुडघे टेकून तहानलेला परत जात होता, आणि ती बाई त्याला शेवटचं बसावं लागू नये म्हणून भीत भीत त्याच्यामागून पीत होती, आणि दोघांपैकी कुणी कुणाला काही बोललं नव्हतं. अवघड व्हतंय साहेब. शांतवनच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. आपण किती क्षुद्र आहोत, हे त्याला तिथं, गुडघ्यांवर असताना, स्वच्छ कळलं.

पाळकसाहेब प्याला त्याच्याकडं वळवत होते. त्यानं तो हातानं थांबवला आणि मागं, मुंजाबाकडं, सारला.

"प्या, मुंजाबा," तो हळूच म्हणाला. "मागं मी हाय."

मुंजाबानं मान हलवली, नाही म्हणून. पाळकसाहेबांचं वचन अर्ध्यावर राहिलं होतं.

"प्या. मी बघतोय."

मग मुंजाबानं प्याला तोंडाला लावला. त्याचा गळा हलला, एकदा, दोनदा. काठ ओला झाला. पाळकसाहेबांनी फडकं पुढं केलं तर शांतवननं न थांबता प्याला तसाच घेतला आणि प्यायला. भीती होतीच, ती घशात रसाबरोबर खाली गेली आणि पोटातही राहिली. उरलेला रस पाळकसाहेबांनी हातात धरला, क्षणभर दाराबाहेरच्या लिंबाकडं पाहिलं, आणि स्वतः पिऊन टाकला. उपासना सुटल्यावर मुंजाबा दाराशी अंग चोरून उभा होता. शांतवन जवळून गेला तेव्हा तो म्हणाला, "गोड लागला की, साहेब, आज."

सरूबाई आठ-दहा दिवसांनी परत आली. आईचं बरं होतं. हातपाय धुऊन ती चुलीशी बसली, भाकरी थापायला घेतली आणि पाठमोरीच म्हणाली, "रविवारी शेवटी कोन बसलं?"

"मी."

तिचा हात थांबला. ती वळली आणि तिनं त्याच्याकडं पाहिलं, डोळे बारीक करून, खालपासून वरपर्यंत. तो जसा तागडीकडं पाही तसं. तिचा विश्वास बसला नव्हता. बसावा असं त्यानं आजवर केलं तरी काय होतं? काठ कोरडा होता ते त्यानं तिला सांगितलं नाही, आणि पुढंही सांगणार नव्हता. जन्मभर खोटी मापं पकडली, हे एक त्यानं पाहिलं आणि सोडून दिलं.

"खरंच?" ती म्हणाली.

"त्याला विचार जाऊन."

ती पिठाचे हात झटकून उठली, मिठाची बरणी बाजूला केली, वरच्या फळीवरचा त्याचा पेला खाली काढला, आणि बाकीच्या पेल्यांत ठेवून पुन्हा भाकरीला बसली.